तीन सूर्यांचं गणित आणि अर्धीच पटलेली कादंबरी

मार्च २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि लिऊ त्सशीन या चिनी लेखकाच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ची चर्चा आमच्या घरातही सुरू झाली. कादंबरी तशी जुनी. २००६ साली ती एका चिनी विज्ञानकथा मासिकात क्रमशः आली आणि २००८ मध्ये तिचं पुस्तक झालं. केन लिऊ यांचं इंग्रजी भाषांतर २०१४ चं. पुढच्याच वर्षी तिला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. भाषांतरित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

माझ्या भाच्यानं मालिका आधी पाहिली, मग पुस्तक हातात घेतलं आणि अर्ध्यावर सोडून माझ्याकडे आणून ठेवलं. म्हणाला, “मावशी, यातलं खरं किती आणि रचलेलं किती ते आधी सांग, मग मी पुढे वाचतो.” मी पेन्सिल घेऊन वाचायला बसले. संपेपर्यंत समासात जितक्या ठिकाणी ‘वा’ लिहिलं गेलं, जवळजवळ तितक्याच ठिकाणी प्रश्नचिन्हं पडली. त्या दोन्ही खुणा कुठे आणि का पडल्या, ते इथे सांगते. कथानकातलं काही उघड होईल, तेवढं मात्र चालवून घ्यावं लागेल.

‘हार्ड’ म्हणजे काय?

या प्रकाराला ‘हार्ड सायन्स फिक्शन’ म्हणतात. हार्ड म्हणजे अवघड नव्हे. काही कथांमध्ये विज्ञान भिंतीच्या रंगासारखं असतं. यान काढून तिथे घोडा ठेवला तरी गोष्ट तीच राहते. हार्ड प्रकारात विज्ञान ही घराची तुळई असते. ती काढली की छप्पर खाली येतं.

अशा कथेत लेखक आणि वाचक यांच्यात एक करार असतो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये खेळ सुरू व्हायच्या आधी आपण ठरवतो, की भिंतीपलीकडे चेंडू गेला तर आऊट आणि एक टप्पा, एक हात चालेल. नियम कितीही विचित्र असोत, एकदा ठरले की सगळे पाळतात. पण आपली बॅटिंग आल्यावर कोणी नियम बदलू लागला, तर भांडण ठरलेलं. विज्ञानकथेचा लेखकही सुरुवातीला एखादी अशक्य गोष्ट मागून घेऊ शकतो, वाचक ती खुशीनं देतो. त्यानंतर मात्र त्यानं नियमानं खेळावं अशी अपेक्षा असते. माझे ‘वा’ आणि माझी प्रश्नचिन्हं या एकाच कसोटीवर पडली आहेत.

दोघांची फुगडी, तिघांचा गोंधळ

कादंबरीचं नावच एका खऱ्या गणिती प्रश्नावरून आलं आहे. मराठीत त्याला ‘तीन वस्तूंचा प्रश्न’ म्हणू.

अवकाशात दोनच वस्तू असल्या, म्हणजे समजा एक तारा आणि एक ग्रह, आणि त्या फक्त एकमेकींना ओढत असल्या, तर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य एका सूत्रात मावतं. न्यूटननं १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त हे करून दाखवलं. दोघी मुली हात धरून मागे झुकतात आणि फुगडी घालतात, तसं हे आहे. एकीचा तोल दुसरीवर, दुसरीचा पहिलीवर. एका फेरीत जे झालं तेच पुढच्या फेरीत. सूत्रात तारीख घाला, जागा मिळते, मग ती तारीख उद्याची असो की हजार वर्षांनंतरची.

आता तिसरी आली. ती पहिलीला ओढते, म्हणून पहिली सरकते. पहिली सरकली की दुसरीवरचा ताण बदलतो, दुसरी हलली की तिसरीवरचा. प्रत्येकीची चाल बाकी दोघींवर आणि त्या दोघींची पुन्हा हिच्यावर अवलंबून. इथे तसं सोपं सूत्र हाती लागत नाही.

मोठमोठ्या गणितज्ञांनी प्रयत्न केले. ऑयलरनं १७६७ मध्ये आणि लाग्रांजनं १७७२ मध्ये काही खास मांडण्या शोधल्या, ज्यांत तिन्ही वस्तू शिस्तीत राहतात. भारताचं ‘आदित्य-एल१’ ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या ज्या बिंदूभोवती पोहोचलं, तो बिंदू याच कामातून निघालेला आहे. सूर्य, पृथ्वी आणि यान या तिघांचं तिथे जमतं. पण ही अपवादाची ठिकाणं. कुठूनही सुरुवात केली तरी चालेल असं उत्तर त्यांनाही मिळालं नाही.

मग आला फ्रेंच गणितज्ञ आन्री प्वांकारे. स्वीडनचा राजा ऑस्कर दुसरा याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त, १८८९ साली, एक गणिती स्पर्धा झाली. प्वांकारेनं तीन वस्तूंवर लिहिलं, बक्षीस जिंकलं, निबंध छापलाही गेला. आणि मग त्यात चूक निघाली. त्यानं सगळं पुन्हा लिहिलं, छपाईचा खर्च स्वतः भरला. बक्षीस अडीच हजार क्रोनरचं होतं, खर्च त्याहून जास्त आला. पण ती चूक दुरुस्त करताना त्याला जे दिसलं, त्यातूनच पुढे ‘केऑस’ नावाची विज्ञानशाखा उभी राहिली. सुरुवातीचा अगदी बारीक फरक पुढे प्रचंड होत जातो, हे तिचं सार. मला तर कादंबरीतल्या कुठल्याही प्रसंगाइतकीच ही हकिगत आवडते.

कॅरम बोर्डावर करून पाहिलं

भाच्याला हे तोंडी पटेना, म्हणून आम्ही कॅरम बोर्ड खाली काढला. पावडर टाकली, स्ट्रायकरच्या जागी खडूनं खूण केली आणि मोबाइल वर टांगून चित्रण केलं. आधी मधोमध एकच सोंगटी ठेवून त्याच जागेवरून तीनदा मारलं. तिन्ही वेळा सोंगटी साधारण एकाच दिशेनं गेली. मग सगळ्या १९ सोंगट्या रचून ब्रेक केला, तोही तीनदा. तीन वेळा तीन वेगळी चित्रं. एकदा राणी जागेवरून जेमतेम बोटभर हलली, एकदा थेट कोपऱ्यात जाऊन थांबली. मारणारा हात तोच, खूण तीच. फरक होता तो केसाएवढा. पण तो पहिल्या धडकेत वाढला, दुसऱ्या धडकेत आणखी वाढला, आणि दहाव्या धडकेपर्यंत सगळा खेळ त्याच्याच ताब्यात गेला.

कॅरमवर घर्षण असतं, थोड्या वेळानं सगळं थांबतं. अवकाशात थांबणं नाही. तिथे ही वाढ चालूच राहते, चक्रवाढ व्याजासारखी.

लिऊ त्सशीन यांनी नेमकी ही गोष्ट उचलली. तीन सूर्य असलेल्या जगात एक ग्रह आहे. कधी एकच सूर्य जवळ असतो, दिवस-रात्र नीट होतात, शेती पिकते, राज्यं उभी राहतात. मग काही न कळता तीन सूर्य एकदम उगवतात आणि सगळं जळतं, किंवा तिन्ही लांब जातात आणि हवा गोठते. जवळपास दोनशे संस्कृती अशा संपल्या आहेत. तिथल्या लोकांना एकच प्रश्न आहे, उद्या सूर्य उगवेल का? गणितातली एक कोरडी अडचण त्यांनी भीतीसारखी अंगावर आणली. समासातला पहिला ठळक ‘वा’ इथला.

मग आपलं पंचांग कसं बरोबर येतं?

सूर्य, पृथ्वी आणि चंद्र हेसुद्धा तीनच झाले की! तरी दाते पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटासकट छापलेली असते.

याचं कारण, हे तिघे तोलामोलाचे नाहीत. सूर्यमालेतलं ९९.८ टक्के वस्तुमान एकट्या सूर्याकडे आहे. चंद्र पृथ्वीला अगदी चिकटून आहे. म्हणजे पृथ्वी-चंद्राची एक फुगडी आणि ती जोडी सूर्याभोवती दुसऱ्या फुगडीत. बाकीच्या ओढाताणी इतक्या लहान, की त्यांची दुरुस्ती करत गेलं की भागतं. खरा गोंधळ होतो तो तिघेही साधारण सारखे आणि जवळजवळ असले की.

तरी आपणही पूर्ण सुटलेलो नाही. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कर यांनी १९८९ साली गणित मांडलं, की पृथ्वीची आजची जागा मोजताना १५ मीटरची चूक झाली, तर एक कोटी वर्षांनी ती दीडशे मीटर होते आणि दहा कोटी वर्षांनी पंधरा कोटी किलोमीटर. पृथ्वी ते सूर्य एवढंच तर अंतर आहे. आपलं पंचांग बरोबर येतं, कारण आपण वर्षांच्या हिशेबात जगतो, कोटींच्या नाही.

महासंगणक लावले तर?

लावतात, आणि ते पुष्कळ दूरपर्यंत सांगतातही. संगणक सूत्र शोधत बसत नाही, तो पावलापावलानं चालतो. आत्ता ओढ किती, एका क्षणानं कोण कुठे, पुन्हा ओढ किती. अडचण चक्रवाढीची आहे. मोजमाप दहापट अचूक केलं म्हणून दहापट दूरचं दिसत नाही. दहा दिवसांचं भाकीत जमत असेल, तर कष्टानं बारा दिवसांचं जमतं. हवामान खात्याच्या अंदाजात आपण हे दर पावसाळ्यात अनुभवतो.

एक बारकावा सांगायला हवा. ‘तीन वस्तूंचा प्रश्न सुटतच नाही’ असं सरसकट म्हटलं जातं, ते पूर्ण बरोबर नाही. फिनलंडचा गणितज्ञ सुंडमन यानं १९१२ पर्यंत एक उत्तर दिलं होतं, अनंत पदांच्या बेरजेच्या रूपात. फक्त त्यातून कामाचा आकडा काढायला इतकी पदं मिळवावी लागतात, की त्या पदांची संख्या लिहायची तर एकावर ऐंशी लाख शून्यं द्यावी लागतील.

आकाशातले खरे तीन सूर्य

कादंबरीतलं जग चार प्रकाशवर्षांवर आहे. तिथे खरोखरच तीन तारे आहेत, नरतुरंग तारकासमूहातली अल्फा सेंटॉरी ही मंडळी. पण ते कादंबरीतल्यासारखे वागत नाहीत. त्यातले दोन, अ आणि ब, एकमेकांभोवती साधारण ८० वर्षांत एक फेरी घालतात. तिसरा, प्रॉक्सिमा, इतका लांब आहे की फुगडी घालणाऱ्या दोघींमध्ये एक मीटर अंतर धरलं, तर हा अर्ध्या किलोमीटरहून दूर आपल्या वाटेनं चाललेला दिसेल. गोंधळ नाही, सगळं शिस्तीत.

दुसरं म्हणजे, तीन सारखे तारे खरंच तसे एकमेकांत घुसले असते, तर बहुधा त्यांतल्या एकाला उरलेल्या दोघांनी कधीच बाहेर भिरकावून दिलं असतं. दोनशे संस्कृती उगवून मावळायला लागणारा वेळ त्या ग्रहाला मिळणं अवघड. पण या जागी मी प्रश्नचिन्ह घातलं नाही. लेखकानं सुरुवातीला मागितलेली ही एक सवलत आहे. भिंतीपलीकडे गेला तर आऊट, ठरलं.

झेंडे घेतलेले तीन कोटी सैनिक

एक प्रसंग मी दोनदा वाचला. तीन सूर्यांच्या जगावर एक संगणकीय खेळ आहे. त्यात चीनचा पहिला सम्राट आपल्या तीन कोटी सैनिकांना मैदानात उभं करून माणसांचाच संगणक बनवतो. तिघा-तिघांचे गट. पुढच्या दोघांनी झेंडे वर केले की मागच्यानं काय करायचं, एवढाच प्रत्येकाला हुकूम.

बँकेतलं संयुक्त खातं आठवा. ‘दोघांच्या सह्या हव्यात’ असं असेल, तर दोन्ही सह्या असल्या तरच पैसे निघतात. ‘कोणाही एकाची सही चालेल’ असं असेल, तर एकीवरही काम होतं. संगणकाच्या पोटात असे अब्जावधी दरवाजे असतात, काही पहिल्या अटीचे, काही दुसऱ्या. त्यांतल्या एकालाही गणित येत नाही, पण सगळे मिळून गणित करतात. हे मी आजवर कुठल्याही पाठ्यपुस्तकात इतक्या सुंदर रीतीनं समजावलेलं पाहिलं नाही. लेखकानं स्वतः वीज केंद्रात संगणक अभियंता म्हणून नोकरी केली आहे. हाताखालून गेलेली गोष्ट लिहिताना माणूस कसा रंगतो, ते इथे कळतं.

नियम मोडला तो इथे

पृथ्वीवर यायला तीन सूर्यांच्या जगातून परग्रहींचा ताफा निघतो. त्याला साडेचारशे वर्षं लागणार आहेत. हे मला फार आवडलं. सरासरी वेग प्रकाशाच्या एक टक्क्याच्या आसपास येतो. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पन्नासेक वर्षं आधी निघालेली माणसं आज पोहोचावीत, असा हा प्रवास. माणसानं पाठवलेलं व्हॉयेजर-१ हे यान तिकडे वळवलं असतं, तर आजच्या वेगानं त्याला ७५ हजार वर्षं लागली असती. अंतर म्हणजे काय, ते लेखक इथवर विसरू देत नाही.

आणि मग येतात सोफॉन. एक प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण, उलगडून चादरीसारखा पसरायचा, त्यावर संगणक कोरायचा, पुन्हा घडी घालून पृथ्वीवर पाठवायचा. हा कण आपले प्रयोग बिघडवतो, आपलं बोलणं ऐकतो आणि ते चार प्रकाशवर्षांवर त्याच क्षणी कळवतो. प्रोटॉनच्या घड्यांचंही मी एक वेळ सोडून देईन. त्याच क्षणी कळवणं मात्र पटत नाही.

यासाठी कादंबरी ‘एंटँगलमेंट’चा आधार घेते. एका जोडीतले दोन कण लांब गेले तरी त्यांची मोजमापं एकमेकांशी जुळलेली निघतात, तो हा गुण. गुण खरा आहे, पण त्यानं निरोप जात नाही. कोल्हापुरी चपलांच्या जोडातली एक चप्पल मी न बघता खोक्यात घालून नागपूरला पाठवली आणि दुसरी पुण्यात ठेवली. नागपूरकरानं खोकं उघडलं, आत डावी निघाली. पुण्यातली उजवी, हे त्याला लगेच कळलं. पण पुण्याहून त्याला कोणी काही सांगितलं का? आणि मला त्याला ‘ये’ किंवा ‘येऊ नको’ असं सांगायचं असेल, तर या चपला काही कामाच्या नाहीत. कण चपलांहून बरेच विलक्षण वागतात, पण निरोप पाठवता येत नाही हा भाग त्यांनाही लागू आहे. भौतिकशास्त्रात तो सिद्ध झालेला आहे.

सूर्याचा वापर करून रेडिओ संदेश कितीतरी पटींनी मोठा करण्याची कल्पनाही अशीच रचलेली आहे. पण ती सुरुवातीची सवलत, गोष्ट सुरू व्हायला हवी होती म्हणून घेतलेली. सोफॉन शेवटाकडे येतात, लेखकाची बॅटिंग अडचणीत आल्यावर.

“कादंबरीच तर आहे, इतकं काय मनावर घ्यायचं?”

भाच्याचा हा आक्षेप. त्याच्या जोडीला दुसराही ऐकू येतो, की कल्पना भारी आहेत पण माणसं कागदी आहेत. दोन्हींचं उत्तर मला एकाच जागी सापडलं.

माणसं बरीचशी कागदी आहेत, हे खरंच. नॅनो पदार्थांवर काम करणारा वांग म्याओ हा नायक म्हणावा तर तो बहुतेक वेळ आपल्यासाठी प्रश्न विचारत फिरतो. पोलीस अधिकारी दा शी मात्र बोलायला लागला की पान हलकं होतं. आणि एक पात्र पूर्ण जिवंत आहे, ये वेनजिए. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ साली, तिच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांना मारून टाकतात. ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, सापेक्षता शिकवत होते हा त्यांच्यावरचा एक आरोप. चिनी पुस्तकात हा भाग मध्ये होता, इंग्रजीत लेखकाच्या संमतीनं तो सुरुवातीला आला आणि ते योग्यच झालं. पुढे एका डोंगरावरच्या गुप्त लष्करी तळावर काम करताना ती आकाशात संदेश पाठवते. उत्तर येतं आठ वर्षांनी. चार वर्षं जायला, चार यायला. त्या आठ वर्षांत तिचं सगळं आयुष्य बदलतं आणि उत्तर आल्यावर ती जे करते, ते त्या वर्षांशिवाय समजणारच नाही.

प्रकाशाचा वेग तिथे पाळला आहे म्हणून ती वाट पाहणं आहे, आणि वाट पाहणं आहे म्हणून ती बाई खरी वाटते. सोफॉन आल्यावर सगळं ताबडतोब कळू लागतं. कुणालाच कशाची वाट पाहावी लागत नाही, आणि मग पानावर माणसंही उरत नाहीत, नुसत्या घोषणा उरतात. म्हणून मी मनावर घेते. इथे विज्ञानाची चूक आणि कादंबरीची चूक एकच आहे.

जयंत नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ने माझ्या आधीच्या पिढीला विज्ञानकथेची गोडी लावली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती, नावाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. कथेचं भलंबुरं कथेवरच ठरावं, हा त्यामागचा आग्रह मला या कादंबरीलाही लावावासा वाटतो. पुरस्कार आणि मालिका बाजूला ठेवून.

हाक मारायची की नुसतं ऐकायचं?

ये वेनजिएनं केलं ते आपणही केलं आहे. नोव्हेंबर १९७४ मध्ये प्वेर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम-१३ या तारकागुच्छाकडे एक संदेश पाठवला. तो पोहोचायलाच सुमारे २५ हजार वर्षं लागतील. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये अशा हाकांबद्दल सावध केलं होतं. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर रुंद. त्या फक्त ऐकतात. विज्ञान दिनाला मी तिथे गेले होते. खाली उभं राहून वर पाहिलं तर तबकडी भरीव नाहीच, बारीक तारांची जाळी आहे, आणि तिच्यातून पलीकडचं आकाश दिसतं. रेडिओ लहरी लांब असल्यानं त्यांना ती जाळी आरशासारखीच वाटते.

मेच्या अखेरीस आम्ही गुहागरला होतो. रात्री अकराच्या सुमारास ढग नव्हते. दक्षिणेला क्षितिजापासून मूठभर उंचीवर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसले. डावीकडचा जास्त तेजस्वी, तो अल्फा सेंटॉरी. अ आणि ब मिळून डोळ्याला एकच ठिपका दिसतो, प्रॉक्सिमा दिसतच नाही. मी भाच्याला म्हटलं, हा उजेड निघाला तेव्हा तू दहावीत होतास. त्यानं मोबाइलचा टॉर्च लावला, ताऱ्याकडे धरला, आणि विचारलं,

“मावशी, याला कोणी उत्तर दिलं तर?”

“पावणेनऊ वर्षांनी येईल.”

त्यानं बोटांवर आपलं वय मोजलं आणि टॉर्च बंद केला. पुस्तक तो परत घेऊन गेला आहे. ये वेनजिएच्या आठ वर्षांपाशी मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे.